‘स्वरूप अनिश्चित’ असा रिपोर्ट पुन्हा पुन्हा का येतो? लिव्हरच्या गाठीचा एमआरआय कुठं अडतो आणि तो कसा सोडवायचा

गडहिंग्लजकडच्या एक बाई, वय ५२. चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफीत लिव्हरमध्ये दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. मग सीटी. मग दुसऱ्या शहरातल्या एका सेंटरवर कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. तिन्ही रिपोर्टांची शेवटची ओळ जवळजवळ सारखीच: स्वरूप अनिश्चित, मेटास्टेसिसची (दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरची) शक्यता नाकारता येत नाही, क्लिनिकल माहितीशी पडताळून पाहावे. मुलगा सगळ्या फिल्म्स आणि सीडी पिशवीत घालून आला आणि टेबलावर ठेवून त्यानं एवढंच विचारलं, “डॉक्टर, साधी हाय का तसली?”

आमच्याकडं कोल्हापुरात कॅन्सर हा शब्द कोणी सहजासहजी तोंडावर आणत नाही. ‘तसली’ म्हटलं की समोरच्याला कळतं. आणि या प्रश्नाला ‘अनिश्चित’ हे उत्तर चालत नाही, कारण त्या एका शब्दामुळं पुढं बायोप्सी, पेट स्कॅन, खर्च आणि घरातली झोप उडणं हे सगळं रांगेनं येतं.

ही पोस्ट ज्युनिअर रेडिओलॉजिस्ट आणि एमआरआय टेक्निशियन मंडळींसाठी आहे. वरच्यासारख्या केसेस माझ्याकडं सेकंड ओपिनियनला सतत येतात. त्या पाहून माझं एक मत पक्कं झालंय. गाठ अनिश्चित असते ती क्वचित. बहुतेक वेळा एक तर फेज, म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर स्कॅन घेण्याची वेळ, चुकलेली असते, नाहीतर माणसाकडं न बघता गाठीकडं बघितलेलं असतं. म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो, त्याच क्रमानं लिहितो.

आधी गाठ बघूच नका, फेज बघा

नवा रेसिडेंट फिल्म उघडली की थेट गाठीवर झेप घेतो. मी त्याला गाठ हातानं झाकायला सांगतो आणि विचारतो, ही आर्टरियल फेज खरंच आर्टरियल आहे का?

लिव्हरला दोन दारांनी रक्त येतं. पोर्टल व्हेनमधून साधारण तीन चतुर्थांश, हेपॅटिक आर्टरीतून एक चतुर्थांश. हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे एचसीसी, लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर, मात्र जवळजवळ पूर्ण आर्टरीवर जगतो. म्हणून आर्टरियल फेजमध्ये तो आजूबाजूच्या लिव्हरआधी उजळतो, आणि पोर्टलमधून रक्त येऊन बाकीचं लिव्हर उजळलं की तोच काळपट दिसू लागतो. हाच वॉशआउट. या दोन फेजांमधला फरक काही सेकंदांचा असतो. तो खेळ पकडायचा तर आर्टरियल फेज थोडी उशिराची, म्हणजे लेट आर्टरियल हवी.

ती कशी ओळखायची? हेपॅटिक आर्टरी झगझगीत भरलेली, पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट यायला सुरुवात झालेली, आणि हेपॅटिक व्हेन्स अजून पूर्ण काळ्या. पोर्टल व्हेन रिकामी असेल तर फेज फार लवकर घेतली गेलीय आणि उजळणारी गाठ अजून उजळलेलीच नाही. हेपॅटिक व्हेन्स भरल्या असतील तर उशीर झालाय, ती पोर्टल फेजच आहे. तिच्यावर मथळा आर्टरियल असला तरी फसू नका. पॅनक्रियाज, किडनीचा कॉर्टेक्स आणि झेब्र्यासारखी पट्टेदार स्प्लीन हे साक्षीदार आहेत. तीही नजरेत ठेवा.

फेज चुकते कारण बऱ्याच ठिकाणी इंजेक्शननंतर ठरावीक ३५ सेकंदांनी स्कॅन सुरू करतात. पंचविशीतल्या धडधाकट पोराला ते चालतं. हार्ट कमजोर असलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना त्या वेळात कॉन्ट्रास्ट अजून एओर्टापर्यंत नीट पोचलेलाही नसतो. उपाय म्हणजे बोलस ट्रॅकिंग: कॉन्ट्रास्ट एओर्टात आलेला डोळ्यांनी बघायचा आणि मग स्कॅन सोडायचा. इमेजमधला उजेड-अंधार सगळ्या सीक्वेन्सभर सारखा ठरत नाही, त्यातल्या काही सेकंदांत ठरतो. तो भाग लेट आर्टरियलच्या क्षणावर पडायला हवा. आपल्या मशीनवर तो भाग सुरुवातीला असतो की मध्यावर, हे टेक्निशियनला माहीत नसेल तर एकदा मशीनच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरला बसवून विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. दोन वर्षं पाच-सहा सेकंद उशीर करत होतो.

श्वासाचा घोटाळा

आता ही गोष्ट पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, पण कोल्हापुरात ती रोजची आहे. मशीनमधला रेकॉर्डेड आवाज इंग्रजीत किंवा फार तर हिंदीत बोलतो. आजऱ्याहून आलेल्या आजी गॅन्ट्रीत, कानाला हेडफोन, आणि आतून कोणीतरी अनोळखी बाई काहीतरी बोलतेय. आजी तिला उत्तर देतात! त्या उत्तरात आर्टरियल फेज गेली.

आमच्या टेक्निशियननं रेकॉर्डिंग बंद करून स्वतः माईक घेतला तेव्हा निम्म्या बिघडलेल्या फेजा थांबल्या. “आज्जी, श्वास बाहेर सोडा. सोडला? आता घ्यायचा न्हाई, तिथंच थांबा.” श्वास सोडून थांबायला सांगतो, कारण घेऊन थांबलं तर दरवेळी डायफ्राम वेगळ्या उंचीवर थांबतो आणि एका फेजमधली गाठ दुसऱ्या फेजमध्ये वेगळ्या स्लाइसवर जाते. आणि गॅन्ट्रीत जाण्याआधी, बाहेर बाकावर, तीनदा सराव. आपण फक्त १५ ते २० सेकंद मागतो. पण ज्याला दम लागतो त्याला तेवढंही जमत नाही. तिथं पॅरलल इमेजिंग (स्कॅन वेगानं उरकायची सोय) वाढवून, स्लाइस थोडी जाड करून फेज १२ सेकंदांवर आणा. रिझोल्यूशन थोडं गेलं तर जाऊ दे, हलकी धूसर पण स्थिर इमेज हललेल्या बारीक इमेजपेक्षा कधीही बरी.

गॅडॉक्सेटिक ॲसिड, म्हणजे लिव्हरच्या पेशींत शिरणारा कॉन्ट्रास्ट, वापरत असाल तर आणखी एक काटा आहे. या कॉन्ट्रास्टनंतर काही जणांना नेमकं आर्टरियल फेजमध्येच काही सेकंद श्वास धरवत नाही. पोर्टल फेज येईपर्यंत ते ठीक होतात. पेशंटनं सूचना पाळली नाही असा दोष देऊ नका, हा त्या औषधाचाच गुण आहे. त्यात त्याचा डोस लहान, किलोमागे ०.०२५ मिलिमोल. म्हणजे साठ किलोच्या माणसाला फक्त ६ मिलिलीटर. साध्या एक्स्ट्रासेल्युलर (पेशींबाहेरच राहणाऱ्या) गॅडोलिनियमचा डोस याच्या चौपट, ०.१ मिलिमोल, म्हणजे साधारण १२ मिलिलीटर. इतका छोटा बोलस भर्रकन निघून जातो. म्हणून सेकंदाला १ मिलिलीटर अशा संथ गतीनं द्यायचा आणि मागून सलाइन ढकलायचं.

त्या गडहिंग्लजच्या बाईंच्या फिल्म मी पुन्हा उघडल्या. कॉन्ट्रास्ट गॅडॉक्सेटिक ॲसिड. आर्टरियल फेजमध्ये लिव्हरच्या कडेला लाटांसारख्या रेषा, गाठीवर कुठंच स्पष्ट कड नाही. म्हणजे ती फेज हललेलीच. एमआरआयच्या रिपोर्टात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग माणूस बघा

त्याच गाठीचा अर्थ माणूस बदलला की बदलतो. तीन प्रश्न विचारल्याशिवाय मी स्क्रीनकडं वळत नाही: लिव्हर सिरॉसिसचं आहे का किंवा हेपॅटायटिस बी आहे का, कुठं कॅन्सर झाला होता का, आणि हा माणूस काय काय घेतो.

पहिला प्रश्न यासाठी की सगळे लाय-रॅड्सच्या मागं लागलेत. एचसीसीची शक्यता किती यावरून गाठीला श्रेणी देण्याची अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची ही पद्धत, सध्या चालते ती २०१८ ची आवृत्ती. फार उपयोगी आहे, पण ती फक्त हाय रिस्क माणसासाठी: सिरॉसिस असलेला, हेपॅटायटिस बी जुना असलेला, किंवा एचसीसी आधी होऊन गेलेला. अठरा वर्षांखालच्यांना नाही. बड-कियारीसारख्या रक्तवाहिन्यांच्या आजारामुळं झालेल्या सिरॉसिसलाही नाही, कारण तिथं चांगल्या स्वभावाच्या गाठीसुद्धा आर्टरियलमध्ये लखलखतात. तरीही तिशीतल्या निरोगी बाईच्या रिपोर्टवर ‘एलआर-४’, म्हणजे बहुधा एचसीसी, असं लिहिलेलं मी पाहिलंय. ती एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया) नावाची निरुपद्रवी गाठ होती. बाईंनी तोवर इंटरनेटवर एलआर-४ शोधून घरच्यांना सांगून टाकलं होतं.

सिरॉसिस असेल तर मात्र नियम पक्के. २० मिलिमीटर किंवा मोठी गाठ, कड सोडून पूर्ण गाठ आर्टरियलमध्ये उजळते, आणि सोबत वॉशआउट, नंतर दिसणारी कॅप्सूल किंवा सहा महिन्यांत आकारात ५० टक्के वाढ यातलं एक तरी आहे, तर ती एलआर-५, म्हणजे एचसीसी नक्की. बायोप्सीविना उपचार सुरू करता येतात. लिव्हरमधली ही सवलत शरीरात दुसरीकडं क्वचितच मिळते. म्हणूनच ती चुकीच्या माणसाला देऊ नका. उलट, कड उजळते आणि मधला भाग काळा, किंवा वॉशआउट फक्त कडेला, असं असेल तर ती एलआर-एम. कॅन्सर असण्याची दाट शक्यता, पण तो एचसीसीच असेल असं नाही. कोलॅन्जिओकार्सिनोमाचा (पित्तनळीच्या कॅन्सरचा) विचार करा आणि सुईला हरकत नाही.

सिरॉसिसमध्ये रोज छळणारा तिसरा प्रकार म्हणजे आर्टरियलमध्ये चमकणारे बारके ठिपके, लिव्हरच्या बाहेरच्या आवरणाला चिकटलेले, बहुतेकदा पाचरीच्या आकाराचे. पोर्टलमध्ये गायब, टी-टूवर (पाणी पांढरं दाखवणाऱ्या इमेजवर) गायब, डिफ्युजनवर (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणाऱ्या इमेजवर) गायब. हे शंट, म्हणजे रक्ताच्या आडवाटा, असतात. त्यांना गाठ म्हणू नका, तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा बघा एवढं लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं कारण उघड आहे, मेटास्टेसिसची शंका. तिसरा प्रश्न, काय घेतो. यात दारू आलीच, पण मी मुद्दाम जिमची चौकशी करतो. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या या शहरात अंगापेरानं भारदस्त पोरांची वानवा नाही. तालमीतला पैलवान काय खातो ते अभिमानानं सांगतो: दूध, बदाम, तूप. जिममधला पोरगा पावडरचं नाव सांगतो आणि इंजेक्शनचं लपवतो. ॲनाबॉलिक स्टेरॉइडचा आणि अडिनोमाचा (लिव्हरच्या पेशींच्या एका साध्या गाठीचा) संबंध पक्का आहे. पुरुषातला अडिनोमा आकार कितीही असो, काढायचाच विचार करतात, कारण त्यातून कॅन्सर होण्याची भीती बाईपेक्षा जास्त. वडील बाहेर बसले असतील तर आधी त्यांना चहा प्यायला पाठवा. पोरगा मग बोलतो.

टी-टू: स्वस्तातला सर्वात मोठा साक्षीदार

कॉन्ट्रास्टच्या मागं सगळे धावतात, पण चांगली-वाईट यातला निम्मा निकाल साध्या टी-टूवर लागतो. हिमॅन्जिओमा, लिव्हरमधली सर्वात नेहमीची चांगली गाठ, म्हणजे रक्तानं भरलेल्या पोकळ्यांचा स्पंज. टी-टूवर ती जवळजवळ पाठीच्या कण्यातल्या पाण्याइतकी पांढरी दिसते. मेटास्टेसिस पांढरट असतो, पण तितका नाही. साधारण स्प्लीनच्या आसपास.

गोंधळ झाला तर टीई, म्हणजे सिग्नल टिपण्याआधी थांबायचा वेळ, वाढवा. ८० ऐवजी १६०-१८० मिलिसेकंदांवर न्या. मेटास्टेसिस विझत जातो, हिमॅन्जिओमा आणि सिस्ट तशाच जळत राहतात. सीक्वेन्स दीड-दोन मिनिटांचा आहे, पैसा लागत नाही, आणि तरी कित्येक प्रोटोकॉलमध्ये तो नाही. अपवाद लक्षात ठेवा: न्यूरोएंडोक्राइनचे सिस्टसारखे झालेले आणि म्युसिन भरलेले मेट्स टी-टूवर हिमॅन्जिओमाइतके उजळ असू शकतात.

मग कॉन्ट्रास्ट. मोठा हिमॅन्जिओमा ओळखायला सोपा: कडेला तुटक तुटक गाठोड्यांसारखं उजळणं आणि हळूहळू आत भरत जाणं. माझी कसोटी साधी आहे. उजळलेला भाग दरेक फेजमध्ये रक्तवाहिनीइतकाच उजळ आहे का? आर्टरियलमध्ये एओर्टाइतका, पुढं पोर्टल व्हेनइतका. तसा असेल तर आत रक्तच आहे. मेटास्टेसिसची कड मात्र सलग, बांगडीसारखी असते. रक्ताच्या जोडीनं ती राहत नाही, पोर्टलपासूनच फिकी पडते.

त्रास देतो तो लहान, दोन सेंटिमीटरच्या आतला हिमॅन्जिओमा. तो आर्टरियलमध्येच एका झटक्यात पूर्ण भरतो. मग तो एचसीसी वाटतो, न्यूरोएंडोक्राइन किंवा किडनीचा मेट वाटतो. इथं तोच नियम: पोर्टल आणि डिलेडमध्ये तो रक्ताच्या बरोबरीनं उजळ राहतो, वॉशआउट होत नाही.

गॅडॉक्सेटिक ॲसिडनं मात्र हा नियम मोडतो, आणि सर्वात जास्त चुका इथंच होतात. साधा गॅडोलिनियम रक्त आणि पेशींच्या बाहेरच्या जागेत राहतो. गॅडॉक्सेटिक ॲसिड मात्र दोन-तीन मिनिटांतच लिव्हरच्या पेशींत शिरायला लागतं, जवळजवळ अर्धं त्या वाटेनं पित्तात जातं. म्हणजे तिसऱ्या मिनिटाला आजूबाजूचं लिव्हर गाठीपेक्षा उजळ होतं आणि निरपराध हिमॅन्जिओमा काळा दिसू लागतो. तो वॉशआउट नाही. गाठ विझली नाही, शेजारचा दिवा मोठा झाला. म्हणून या औषधानं वॉशआउट फक्त पोर्टल फेजवर, साधारण मिनिट-सव्वा मिनिटाला ठरवायचा. नंतरच्या ट्रान्झिशनल फेजवर नाही. लाय-रॅड्सही हेच सांगतं.

त्या बाईंच्या रिपोर्टात ‘डिलेड फेजमध्ये वॉशआउट’ असं लिहिलं होतं. कुठली फेज? तिसऱ्या मिनिटाची.

हेपॅटोबिलिअरी फेज कशाला, आणि कुठं फसवते

वीस मिनिटांनंतरची फेज खास दोन भावंडांना वेगळं करण्यासाठी: एफएनएच आणि अडिनोमा. दोन्ही तरुण बायकांत, दोन्ही आर्टरियलमध्ये लख्ख उजळतात. एफएनएचच्या पेशी लिव्हरसारख्याच असतात, औषध आत ओढतात, म्हणून वीस मिनिटांनी ती लिव्हरइतकीच किंवा जास्त उजळ दिसते, कधी बांगडीसारखी. बहुतेक अडिनोमा काळे पडतात. एफएनएचला उपचार लागत नाही, अडिनोमा पाच सेंटिमीटरच्या पुढं गेला तर रक्तस्राव आणि कॅन्सरची भीती. एफएनएचच्या मधला डाग टी-टूवर पांढरा असतो आणि साध्या गॅडोलिनियमनं उशिरा उजळतो. दिसला तर छान, पण लहान एफएनएचमध्ये तो बहुतेकदा नसतोच. डाग नाही म्हणून एफएनएच नाही, असं म्हणू नका.

अडिनोमात मेद भरपूर असेल तर आउट-ऑफ-फेजवर, म्हणजे मेद आणि पाण्याचे सिग्नल एकमेकांना कापतात त्या इमेजवर, पूर्ण गाठ काळी पडते. तो प्रकार त्यातल्या त्यात शांत. टी-टूवर लख्ख आणि उशिरापर्यंत उजळ राहणारा तो इन्फ्लेमेटरी, तो फुटून रक्तस्राव करतो. तिसरा, बीटा-कॅटेनिनवाला, कॅन्सरकडं वळणारा, आणि नेमका तोच कधी कधी वीस मिनिटांनी उजळ राहून एफएनएचचं सोंग घेतो. काही एचसीसीही असंच करतात. म्हणून ‘वीस मिनिटांनी उजळ म्हणजे चांगली’ हे वाक्य पुरुषाच्या आणि सिरॉसिसच्या रिपोर्टातून कायमचं काढून टाका.

आणि बिलिरुबिन बघा. ३ च्या वर असेल तर लिव्हर स्वतःच औषध नीट ओढत नाही. मग वीस मिनिटांनी लिव्हर काळपट, पोर्टल व्हेनच लिव्हरपेक्षा उजळ, आणि तुलना करायला काही उरतच नाही. कावीळ झालेल्याला महागडं औषध देऊन पैसे वाया घालवू नका.

डिफ्युजनवर निकाल देऊ नका

डिफ्युजनची कामगिरी शोधण्याची. मेट्स शोधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पाच मिलिमीटरचा ठिपकासुद्धा बी-८०० वर (डिफ्युजनच्या तीव्र सेटिंगवर) हात वर करतो. पण ‘डिफ्युजन रिस्ट्रिक्टेड (पाण्याची हालचाल अडलेली), म्हणून मॅलिग्नंट’ हे वाक्य चुकीचं आहे. एफएनएच आणि अडिनोमा पेशींनी गच्च असतात, त्यांचा एडीसी (पाण्याच्या हालचालीचा आकडा) मेटास्टेसिसच्या जवळ जाऊन बसतो. आणि हिमॅन्जिओमा बी-८०० वर उजळ दिसला तर एडीसी मॅपवर तोही उजळ आहे का ते बघा. असेल तर तो टी-टूचाच उजेड आहे.

पू मात्र डिफ्युजनवर ओळखता येतो. ॲबसेसमध्ये (पुवाच्या गाठीत) मधला चिकट पू रिस्ट्रिक्ट होतो. कॅन्सर आतून कुजला तर मधला भाग मोकळा आणि कड रिस्ट्रिक्ट, असं बहुधा उलटं असतं. आमच्या भागात अमीबिक ॲबसेस काही नवलाची गोष्ट नाही. उजव्या लोबमधली एकटी गाठ, आजूबाजूला सुजेचं पांढरं वलय, आर्टरियलमध्ये पाचरीसारखा उजळ भाग, रक्तातला सुजेचा निर्देशक सीआरपी चढलेला. ताप असेल तर सोपं. पण शुगरवाल्या म्हाताऱ्या माणसाला ताप येतोच असं नाही, आणि मग ‘नेक्रोटिक मेटास्टेसिस’ लिहिलं जातं. रिपोर्ट लिहिण्याआधी फिजिशियनला फोन करा. मेट्रोनिडॅझोलवर आठवडाभरात माणूस चालायला लागतो.

मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासातला माणूस आणि आत पडदे किंवा पिल्लं (छोट्या सिस्ट) असलेली सिस्ट दिसली तर हायडॅटिड, म्हणजे टेपवर्मची सिस्ट. बिनविचार सुई घालू नका.

मेदाचे खेळ

फॅटी लिव्हर आता घरोघरी. त्यात पित्ताशयाच्या शेजारी किंवा फाल्सिफॉर्म लिगामेंटजवळ मेद नसलेला एखादा तुकडा उरतो आणि सोनोग्राफीत तो काळी गाठ म्हणून दिसतो. एमआरआयवर आउट-ऑफ-फेज बघा आणि त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या बघा. वाहिन्या सरळ जात असतील, वाकल्या-ढकलल्या नसतील, तर ती गाठ नाही.

उलटंही होतं. लिव्हरमध्ये मेद जास्त असेल तर फॅट सप्रेशननं लिव्हरच काळपट होतं, आणि खरोखर काळा दिसायला हवा असा मेट त्यात मिसळून जातो किंवा उजळही वाटतो. अशा वेळी फॅट सप्रेशनशिवायची इन-फेज इमेज शेजारी लावा. १.५ टेस्लावर आउट-ऑफ-फेज २.३ आणि इन-फेज ४.६ मिलिसेकंदाला असते. दोन्ही एकाच श्वासात घेतलेल्या असाव्यात.

टी-वनवर आधीच उजळ असलेली गाठ, म्हणजे रक्त किंवा प्रोटीन भरलेली, आर्टरियलमध्ये उजळली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. सबट्रॅक्शन काढा, म्हणजे नंतरच्या इमेजमधून कॉन्ट्रास्टआधीची वजा करा. पण दोन फेजांमध्ये श्वासाची जागा बदलली असेल तर सबट्रॅक्शन नुसती खोटी कड दाखवतं, म्हणून पुन्हा त्या माईकवरच्या आवाजाकडं या.

रिपोर्टात काय लिहायचं

फेज बिघडली असेल तर पहिल्या ओळीत तसं लिहा: “आर्टरियल फेज श्वासाच्या हालचालीमुळं निर्णयायोग्य नाही.” यात कमीपणा नाही. न लिहिल्यानं पुढचा डॉक्टर समजतो की गाठच विचित्र आहे.

मग काय वाटतं ते नाव घेऊन लिहा, किती खात्रीनं वाटतं ते लिहा, आणि पुढचं एकच पाऊल सांगा. “क्लिनिकली कोरिलेट करा” हे पाऊल नव्हे. क्लिनिशियननं गाठीशी काय कोरिलेट करायचं? तो तुमच्याकडंच बघतोय. फक्त आर्टरियल फेज गेली असेल तर सगळा एमआरआय पुन्हा नको. कुठला कॉन्ट्रास्ट, कुठला प्रश्न, एवढंच सांगून नेमका स्कॅन मागा. किडनीचा ईजीएफआर (गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टचा सुरक्षिततेचा ग्रुप बघून मगच.

त्या बाईंचं पुढं असं झालं. जुन्या सीडीवर टी-टू होता, गाठ सिस्टइतकी पांढरी. लांब टीईचा सीक्वेन्स नव्हता. कॅन्सरचा इतिहास असल्यानं मी केवळ टी-टूवर हात झटकले नाहीत. दोन दिवसांनी साध्या एक्स्ट्रासेल्युलर गॅडोलिनियमनं आमच्याकडं फक्त नेमका स्कॅन केला: टीई ८० आणि १८०, आर्टरियल दोन, पोर्टल, तीन मिनिटं आणि पाच मिनिटं. बाहेर बाकावर सराव झाला. बाई म्हणाल्या, “शेतात पाण्याच्या पाटावर एवढा दम धरतोय, हितं काय अवघड.” आणि खरंच त्या फेजांमध्ये एक रेषसुद्धा हलली नाही.

टीई १८० वर गाठ तशीच पांढरी. आर्टरियलमध्ये पूर्ण भरलेली, एओर्टाइतकी. पोर्टलमध्ये पोर्टल व्हेनइतकी. पाच मिनिटांनीही रक्ताच्या बरोबरीची. मी रिपोर्टात लिहिलं: झटपट भरणारा हिमॅन्जिओमा, १४ मिलिमीटर, आधीच्या स्कॅनमधला वॉशआउट हा ट्रान्झिशनल फेजचा परिणाम, बायोप्सीची गरज नाही, कॅन्सरच्या नेहमीच्या तपासणीत सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफीत माप घ्यावे.

मुलाला कॅबिनमध्ये बोलावलं आणि स्क्रीनवर आधी एओर्टा दाखवली, मग गाठ. त्यानं दोन्ही बोटांनी दोन्ही ठिकाणं धरली, फेज बदलत गेलो तशी बोटं हलवली नाहीत. पाचव्या मिनिटाच्या इमेजवर म्हणाला, “म्हंजे हे रक्तच हाय.” मग बाहेर जाऊन आईला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण पिशवीतल्या जुन्या तीन फिल्म्स तो कॅबिनमध्येच विसरून गेला.